मालकांनी बाकावर बसावे

२ मार्च

दादा, नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा सूनबाईने उचलला, कागदावर लिहून तुला विचारलं, आणि तू कागदावर "ठीक" असं लिहून दिलंस. दुसऱ्या वेळी तिने जुनाच कागद वाचून दाखवला की काय, अशी मला शंका आली.

काम असं आहे की पिकअप बिघडली आहे. चालू होते, उभी असेपर्यंत छान घुरघुरते, आणि गिअरमध्ये टाकली की बंद पडते. पुन्हा चालू करायची, पुन्हा टाकायची, पुन्हा बंद. चौथ्या-पाचव्या खेपेला तिच्या मनात आलं तर जाते. रस्त्यात थांबावं लागलं की परत तेच नाटक. काल दवाखान्याच्या चादरींची एकवीस गाठोडी मागे आणि गाडी चौकाच्या मधोमध. मागच्या माणसाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी उतरून त्याच्या खिडकीशी गेले आणि म्हटलं, "तुम्ही जाऊन माझी गाडी चालू करा, तोवर मी तुमचा हॉर्न वाजवते." तो आला नाही. हॉर्न मात्र थांबला.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदललं, मग हात पुसत म्हणाला, "बाई, गाडीचं वय झालं." मी म्हटलं, "वय माझंही झालंय, मी काय चौकात बंद पडते?"

बाकी लाँड्रीत नेहमीचंच. इस्त्रीवालीचं आणि माझं रोज एकदा वाजतं, त्याशिवाय आम्हा दोघींना काम सुचत नाही. उजव्या गुडघ्याने मात्र जीव नकोसा केलाय, ते एक वेगळंच पुराण आहे. लेक म्हणते, "आई, आता पुरे कर, इकडे राहायला ये." तिचं घर चौथ्या मजल्यावर. मला द्यायच्या खोलीत सध्या तिचा इस्त्रीचा टेबल आहे. म्हणजे मी तिथे जाऊनही करणार काय, ते ठरलेलंच आहे.

गाडी बावीस वर्षांपूर्वी तूच पसंत केली होतीस. हे तर निळी घेऊ म्हणत होते. तेव्हा आता तूच निस्तर.

तुझी,
ठमी


७ मार्च

ठमे, आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन पानं. त्यात गाडी अर्ध्या पानात, आणि उरलेल्या अडीच पानांत हॉर्नवाला, इस्त्रीवाली, तुझा गुडघा आणि भाचीचा चौथा मजला. अशाने गाडी दुरुस्त होत नसते.

माझ्या गॅरेजात भिंतीला लागून एक बाक होता, आठवतो? त्यावर पाटी होती: "मालकांनी बाकावर बसावे. बोलू नये." लोक म्हणायचे, हा माणूस तिरसट आहे. आहेच, पण पाटीचं कारण ते नव्हतं. मालक बोलायला लागला की त्याचं गाऱ्हाणं ऐकू येतं, इंजिन ऐकू येत नाही. एक गृहस्थ आले होते. इंजिनात खडखडतं, मेहुणा म्हणतो पिस्टन गेला, शेजारी म्हणतो गाडी विका, आणि स्वतः तीन रात्री झोपलेले नाहीत. त्यांना बाकावर बसवलं आणि कान लावला. सीटखाली चहाचा रिकामा थर्मास निघाला. चाळीस वर्षं मी इंजिनाला कान दिला, मालकाला नाही. त्यातच कान गेले, पण नियम आहे तोच आहे.

तेव्हा यापुढे फक्त गाडीबद्दल लिही. तू काय केलंस, तुला काय वाटलं, तुझं काय दुखतं, यातलं काही नको. गाडी थंड असताना काय करते, तापल्यावर काय करते, रिव्हर्सला काय करते, एवढंच. आवाज अक्षरांत लिही. माझे कान आता तूच आहेस, जपून ऐक.

आणि त्या मेकॅनिकला सांग, वय गाडीचं होत नाही, मेकॅनिकचं होतं.

दादा

ता. क. इकडे सगळं ठीक.


१२ मार्च

दादा, नमस्कार.

सांगितल्याप्रमाणे फक्त गाडी.

थंड असताना: किल्ली फिरवली. खिर्र, खिर्र, भुम्. चालू. गिअर लावला नाही. अठरा मिनिटं एका सुरात चालली. मग मीच बंद केली, कारण शेजारीण खिडकीतून बघायला लागली. (शेवटचं वाक्य गाडीबद्दल नाही. खोडून वाचावं.)

थंड, पुढचा गिअर: भुम्, भु, भु, फुस्. बंद.

थंड, रिव्हर्स: भुम्, भु, फुस्. बंद. एक "भु" कमी.

तापल्यावर दोन्हीकडे तेच. एकूण आठ वेळा करून पाहिलं. पाच वेळा बंद पडली, तीन वेळा गेली. धूर नाही. वास नाही. खाली तेल सांडलेलं नाही. ज्या तीन वेळा गेली त्या वेळी जणू काही झालंच नाही अशा थाटात गेली.

दर वेळी आणखी एक बारीक आवाज येतो, पण तो गाडीचा नाही, म्हणून लिहीत नाही.

कळावे,
तुझे कान


१६ मार्च

ठमे,

असं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नाही, तुझ्या वहिनीनेसुद्धा नाही. "एक भु कमी" वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सूनबाईला वाटलं, मला काही होतंय. तिने पाणी आणलं.

माझं मत असं. इंजिन नुसतं उभं असताना ज्या वेगाने फिरतं, तो वेग उतरलाय. आपली गाडी बिनक्लचची, गिअर लावला की सगळा भार एकदम इंजिनावर येतो. आधीच मंद, त्यात भार, म्हणून दम सुटतो. तो वेग वाढवायला एक स्क्रू असतो, मेकॅनिकला माहीत आहे. अर्धा फेरा. जास्त नको. आणि इंजिनावरच्या रबरी नळ्या एकदा हात फिरवून बघायला सांग, कुठे चीर असेल तर हवा शिरते. आठवड्याने काय होतं ते कळव, आत्ता लिहिलंस तसंच.

इकडचं विचारत नाहीस ते बरं करतेस. चिरंजीव महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. सूनबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवते, म्हणजे ज्यांना चालवता येत नाही त्यांना रस्त्यावर सोडते. तिने चार वर्षांपूर्वी कानाचं यंत्र आणून दिलं. शिट्टी मारतं, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. रोज जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी असते: "आज कसं वाटतंय?" मी काय हवामान आहे? "ठीक" लिहिलेला एक कागद मी करूनच ठेवलाय. तोच पुढे करतो.

दादा


२१ मार्च

दादा, नमस्कार.

स्क्रू अर्धा फेरा फिरवला. नळ्या पाहिल्या, चीर नाही.

गाडी आता गिअरमध्ये बंद पडत नाही. उडी मारते. आवाज: भुम्, भुर्रर्र, धाड. यातला "धाड" अंगणातल्या दोरीच्या खांबाचा. दोरीवर दवाखान्याच्या बत्तीस चादरी होत्या. त्या आता परत धुवायच्या आहेत.

स्क्रू पाव फेरा मागे घेतला. आता कधी बंद पडते, कधी उडी मारते. आधी निदान काय करणार ते माहीत असायचं.

गाडीच्या पुढच्या पट्टीवर ओरखडा, लांबी वीतभर. गाडीला बाकी इजा नाही. इतर कुणाला काय झालं, हे विषयाला सोडून आहे.

तुझे कान


२५ मार्च

ठमे,

ओरखड्याची काळजी करू नकोस, वीतभर ओरखड्याने गाडी मरत नाही.

उडी मारते म्हणजे प्रकरण आत आहे. रात्रभर विचार केला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलावर फिरणारा एक गोल भाग असतो, तो अडकत असणार. काम मोठं आहे, गाडी तीन आठवडे उभी राहील. कोपऱ्यावरच्याला झेपणार नाही, मोठ्या गॅरेजात ने. उतरवल्यावर आतलं तेल कुठल्या रंगाचं आहे ते लिही. लाल, तपकिरी की काळं. चमचाभर काचेच्या बाटलीत घालून पाठवलंस तर उत्तमच.

दादा


६ एप्रिल

दादा,

आज गाडीबद्दल शेवटचं आणि माझ्याबद्दल पहिल्यांदा लिहिते आहे. आवडलं नाही तर फाडून टाक, पण आधी वाच.

गिअरबॉक्स उतरवणार नाही. लाँड्री बंद करते आहे. मोठ्या रस्त्यावर मशिनवर कपडे धुणारी लाँड्री आहे, तो मशिनवाला व्यवहार करायला पंधरा तारखेला येतोय. गिऱ्हाइकं त्याच्याकडे जातील, इस्त्रीवाली त्याच्याकडे जाईल, गाडी तो भंगारात देईल. मी चौथ्या मजल्यावर.

याला कारण गाडी नाही. कारण माझा उजवा गुडघा, ज्याचा विषयच तू मला काढू दिला नाहीस. दोन महिने झाले, ब्रेक दाबायला पायात जोरच येत नाही. पॅडल दगडासारखं लागतं. आधी पाऊल टेकवलं की भागायचं, मग टाच रोवून दाबायला लागले, आता सीटला पाठ लावून दोन्ही पायांनी दाबते. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला. काडीचा फरक नाही.

आणि तो आवाज करतो. हसू नकोस. ब्रेक दाबला की गुडघ्यातून "सुस्स" असं येतं आणि पाय काढला की थांबतं. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गुडघ्याला नळी लावली, दहा वेळा उठबस करायला लावली, त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हणाले, "आजी, गुडघे कटकट वाजतात. सुस्स करत नाहीत." मी म्हटलं, माझा करतो. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि लेकीचा फोन नंबर मागून घेतला. तेव्हापासून लेक रोज फोन करून मला आजची तारीख विचारते.

आता खांबाचं सांगते. गाडीने उडी मारली तेव्हा मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता. गाडी ब्रेकने थांबली नाही, खांबाने थांबली. खांबाच्या पलीकडे इस्त्रीवाली चादर वाळत घालत होती. तिला काही झालं नाही. ती हसली, म्हणाली, "आज भांडण सोडून थेट अंगावरच आलात." मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, पण रडले त्यासाठी नाही. पाय साथ देत नसेल तर माणसाने गाडी चालवू नये. मला भीती वाटते, दादा. हे तुला सांगायचं होतं आणि तू मला आवाज लिहायला बसवलंस.

हे गेले तेव्हाही तू असंच केलंस. सगळे येऊन माझ्याजवळ बसले, रडले. तुझं पत्र आलं. "गाडी उभी ठेवू नकोस. बॅटरी उतरेल. आठवड्यातून दोनदा चालू कर." बस्स. मी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का. मागे कोरा होता. महिनाभर तो कागद उलटून बघत होते मी.

दहा तारखेला शेवटची खेप. दवाखान्याचा उतार उतरून चादरी मी स्वतः पोचवणार. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे, निरोप नीट घ्यायला हवा. मग किल्ली देऊन टाकायची.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर ते गिअरबॉक्सबद्दल असेल.

ठमी


१० एप्रिल

आत्या, नमस्कार.

मी तुमची सूनबाई. सकाळी फोनवर सगळं इतकं घाईत झालं की तुम्हाला निम्मंच कळलं असेल. इकडे काय घडलं ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. मी कामावर गेले होते. बाबांनी आधी स्वतःच तुमच्या लाँड्रीला फोन लावला. पलीकडून कुणी उचलला की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नाही. शेजारच्या काकू सांगतात, ते दहा मिनिटं "उतारावर नेऊ नको!" असं ओरडत होते. काकूंना वाटलं घरात भांडण चाललंय, म्हणून त्या लगबगीने बघायला आल्या. तर एकटेच.

मग ते चालत माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले. दोन किलोमीटर, घरातल्या चपला घालून. चार वर्षांत तिथे पहिल्यांदा. माझा वर्ग चालू होता, सात जण, विषय रस्त्यावरच्या खुणा. बाबा सरळ फळ्यापाशी आले, माझ्या हातातला खडू घेतला आणि "थांबा"च्या खुणेखाली लिहिलं: "आत्याला फोन लाव. हात जोडतो." मी चार वर्षं त्यांना चिठ्ठ्या लिहितेय, आत्या, आणि उत्तरात तोच एक चुरगळलेला "ठीक". आज हे. मी तिथूनच तुमचा नंबर फिरवला.

तुम्ही किल्ली हातात घेऊनच फोन उचललात, असं म्हणालात. इकडे बाबा फळ्यावर लिहीत होते, मी ते तुम्हाला वाचून सांगत होते. "गाडी जागेवरच चालू कर. चाकांना दगड लाव. गिअरला हात लावू नकोस. नुसता ब्रेक दाब." तुम्ही अंगणात गेलात. आम्ही सगळे वाट बघत होतो, तेही सात जण. तुम्ही आलात आणि म्हणालात, "बंद पडली." मी फळ्यावर लिहिलं, बंद पडली. त्यांनी लिहिलं, "पुन्हा." पुन्हा बंद पडली. "पुन्हा." तिसऱ्यांदा मी "बंद पडली" लिहिलं तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि शिकणाऱ्यांच्या बाकावर शेवटी जाऊन बसले. मी वर्ग सोडून दिला.

घरी शिकवायच्या गाडीतून आणलं. तिला माझ्या बसायच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आज तिथे ते बसले होते. घरी पोचेपर्यंत त्यांनी तो चौदा वेळा दाबला. उतरताना म्हणाले, "ब्रेक चांगला आहे." चार वर्षांतलं आमचं हे सगळ्यात मोठं संभाषण.

गाडीला हात लावू नका. ते तुम्हाला लिहिताहेत. आतापर्यंत पाच कागद फाडलेत.

तुमची,
सूनबाई


११ एप्रिल

ठमे,

ब्रेकच्या पॅडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, ताटाएवढा एक चपटा गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. आत रबराचा पडदा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीच्या जोरावर ब्रेक लागतो आणि तुझ्या पायाला कष्ट पडत नाहीत. तो पडदा फाटलाय. म्हणून ब्रेक दाबला की तिथून हवा आत शिरते, हा तुझा "सुस्स". हवा शिरली की इंजिन गुदमरतं, ही तुझी बंद पडणारी गाडी. आणि ओढीचा जोर उरला नाही, म्हणून पॅडल दगड. गिअर पहिल्यापासून निर्दोष आहे. तुझा गुडघाही. बिचारा दोन महिने गाडीच्या दुखण्याच्या गोळ्या खातोय.

डबा बदलायला कोपऱ्यावरचा पुरे. अर्ध्या दिवसाचं काम. नवा बसल्यावर स्क्रू पूर्वी होता तिथे आणायला सांग. बदलेपर्यंत गाडी दारातून हलवायची नाही. चादरी हातगाडीवर ने.

आता माझं. गिअर लावायच्या आधी ब्रेक दाबायचा, हे इतकं रोजचं आहे की त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आणि ते गाडी करत नाही, मालक करतो. मालकाला मी बाकावर बसवून गप्प केलं होतं. तू पहिल्याच पत्रात गुडघा लिहिलास, मी खोडायला लावला. तू लिहिलंस, एक आवाज आहे पण गाडीचा नाही. मी विचारलं नाही. तू लिहिलंस, इतर कुणाला काय झालं हे विषयाला सोडून आहे. तेही विचारलं नाही, आणि तुला तेलाचा रंग विचारला. माझ्या वेग वाढवण्याच्या सल्ल्याने गाडी इस्त्रीवालीच्या अंगावर गेली. काल त्या उतारावर तू असतीस. तेच मला सारखं दिसतंय. चाळीस वर्षांत आणखी किती जणांना मी असं गप्प बसवलं, कोण जाणे. थर्मास एकदाच निघाला होता.

त्या जुन्या पत्राचं. मेहुणे गेले तेव्हा तुला काय लिहावं मला सुचेना. तू दार लावून घरात बसून राहशील, ही भीती होती. आठवड्यातून दोनदा गाडीच्या निमित्ताने तरी बाहेर पडशील, म्हणून चालू करायला सांगितलं. हे सरळ लिहायला हवं होतं. मला जमलं नाही.

लाँड्री ठेवायची की द्यायची, ते तुझं तू ठरव. फक्त गुडघ्याच्या नावावर देऊ नकोस.

आणि पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तू कशी आहेस? सविस्तर लिही. पानं मोजणार नाही.

दादा

ता. क. यंत्र ड्रॉवरमधून काढलं. सूनबाई म्हणते, ते उजव्या कानाचं आहे आणि मी डाव्यात घालून बघितलं होतं. मेकॅनिकला हे शोभत नाही, कुणाला सांगू नकोस.


१९ एप्रिल

दादा, नमस्कार.

डबा बदलला. कोपऱ्यावरच्याने जुना उघडून दाखवला, पडद्याला माझी दोन बोटं जातील एवढी चीर होती. मी "सुस्स" म्हटल्यावर तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "मला गप्प बसायला सांगितलं होतं." त्याला वाटलं मी त्यालाच बोलतेय, त्याने मजुरी कमी केली.

पहिल्यांदा ब्रेक दाबला तो सवयीने दोन्ही पायांनी. गाडी अशी थांबली की मागची गाठोडी पुढे आली आणि मी स्टिअरिंगवर. आता नुसतं पाऊल टेकवते. गुडघ्याची सूज चार दिवसांत उतरली. पट्टा डॉक्टरांना परत केला आणि सांगितलं की सुस्स गाडीचा होता. त्यांनी केसपेपर काढून त्यावरचं काहीतरी खोडलं. लेकीने तारीख विचारणं अजून बंद केलेलं नाही.

तुझा तो फोन इस्त्रीवालीने उचलला होता. मला म्हणाली, "एक म्हातारं गिऱ्हाईक फार चिडलं होतं, चादरी उतारावर नेऊ नका म्हणत होतं. मी म्हटलं, बरं, नाही नेणार, आणि ठेवून दिला." म्हणजे तुझं काम तिने तेव्हाच केलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं.

पंधरा तारखेला मशिनवाला आला. चहा दिला. गाडी बघतो म्हणाला. त्याला शेजारी बसवून दवाखान्याच्या उतारावर नेलं आणि मधोमध ब्रेक दाबला, चपलेच्या टोकाने. तो काचेपर्यंत जाऊन परत आला. म्हणाला, "गाडी उत्तम आहे की हो." मी म्हटलं, "म्हणूनच द्यायची नाही." लेक रागावली आहे, खोली रिकामी करून ठेवली होती म्हणते. तिला म्हटलं, इस्त्रीचा टेबल परत लाव, मी रविवारी गाडी घेऊन भेटायला येते.

बॅटरीच्या त्या कागदाच्या मागे तू आता लिहिलंस ते मी माझ्या हाताने उतरवून ठेवलं आहे. आता तो कोरा नाही.

तू विचारलंस, कशी आहेस. तीन वर्षांत असं कुणी विचारलं नाही. जो तो "ठीक ना?" असं विचारतो आणि उत्तर स्वतःच देतो. सविस्तर लिही म्हणालास, म्हणून दुकानातून नवी वही आणली आहे. सूनबाईला सांग, चहा करून ठेव, यंत्र उजव्या कानात घालून दे, कारण मधले काही भाग तिने तुला मोठ्याने वाचून दाखवावेत असे आहेत.

आता बाकावर बस, दादा. बोलायचं नाही. सुरुवात हे गेले त्या सकाळपासून करावी लागेल.